दप्तर कुणाचे? महाडच्या ठरावापासून माहितीच्या अधिकारापर्यंत

आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण सभा लिहितो, मोर्चे लिहितो, सत्याग्रह लिहितो. ते लिहिलेच पाहिजे. पण यातल्या बऱ्याच लढ्यांच्या पाठीमागे एखादा साधा सरकारी कागद उभा असतो, तिकडे आपले लक्ष जात नाही. कुठे ठराव, कुठे फेरफार, कुठे जन्माची नोंद. कागद ज्याच्या हातात त्याचे खरे. ज्याच्या हातात नाही त्याने कितीही घसा कोरडा केला तरी ‘पुरावा काय?’ या दोन शब्दांपुढे त्याची बोलती बंद होते. म्हणून नगरपालिकेतले, ग्रामपंचायतीतले आणि तहसील कचेरीतले दप्तर सामान्य माणसाला उघडे कसे झाले, त्याची हकीकत या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावी असे वाटले.

पूर्वी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. कुणाची जमीन किती, कुणाकडे पट्टी किती, वतन कुणाचे, हे सगळे रुमालात बांधलेले आणि तेही मोडी लिपीत. सरकारी टपाल आणि साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवणे हे महाराच्या वतनी कामांपैकी एक काम होते. म्हणजे टपाल वाहायचे आम्ही, पण आत काय लिहिले आहे ते वाचायचे दुसऱ्याने! महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात अक्षरशत्रू शेतकऱ्याला लेखणीवाले कसे नाडतात ते सांगितले आहे. जोतीराव हे नुसते सांगणारे नव्हते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या स्वागतावर नगरपालिकेचे हजार रुपये खर्च करायचे ठरले, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटेच होते. लोकांचा पैसा कुठे जातो हे विचारण्याची आपली परंपरा इतकी जुनी आहे.

आता महाड. २० मार्च १९२७ ला परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या पोराबाळांनाही माहीत आहे. पण त्याआधीचे दोन ठराव किती जणांना माहीत आहेत? पहिला ठराव मुंबई कायदे कौन्सिलातला, ४ ऑगस्ट १९२३ चा. तो मांडला रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी. हे बोले गिरणी कामगारांतही काम केलेले गृहस्थ. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. दुसरा ठराव महाड नगरपालिकेचा, जानेवारी १९२४ चा. चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्यास नगरपालिकेची हरकत नाही, असे तिने नोंदवले.

म्हणजे सत्याग्रहाच्या तीन वर्षे आधीच हक्क कागदावर आलेला होता! पण तो ठराव बुकात पडून राहिला. बाबासाहेबांनी काय केले? तो कागदावरचा हक्क हजारो माणसांच्या पायांनी तळ्यापर्यंत चालवत नेला. नगरपालिकेने मग ४ ऑगस्ट १९२७ ला, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, आपला ठराव मागे घेतला. कागद जसा हक्क देतो तसा काढूनही घेतो, हे तिथे दिसले.

पुढे डिसेंबर १९२७ मध्ये काही स्पृश्यांनी बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे यायचे नाही अशी पुराणी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. दावा महाडच्या कोर्टात चालला, ठाण्याला अपिलात गेला आणि शेवटी मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला निकाली निघाला. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले ठरले आणि पुराणी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. पाणी पिण्याचा हक्क माणुसकीचा खरा, पण कोर्टात प्रश्न काय उभा राहिला? तळे कुणाचे आणि पुरावा काय? जवळजवळ दहा वर्षे बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी हे प्रकरण लढले. म्हणून महाडचा लढा हा पाण्याचा लढा तर आहेच, पण तो दप्तराचाही लढा आहे.

याच १९२३ साली आणखी एक गोष्ट घडली. इंग्रज सरकारने सरकारी गुपितांचा कायदा केला. एकीकडे कौन्सिलात पाणवठे खुले करण्याचा ठराव आणि दुसरीकडे कागद बंद करण्याचा कायदा! इंग्रज १९४७ साली गेले, पण हा कायदा राहिला आणि त्याच्यापेक्षा जास्त त्याची सवय राहिली. हेरगिरीशी काडीचा संबंध नसलेला गटाराच्या कामाचा हिशेब मागितला, तरी कारकून म्हणायचा, ‘तुम्हाला कशाला पाहिजे? तुम्ही कोण?’ जुन्या पुरावा कायद्याप्रमाणे सार्वजनिक कागदाची नक्कल मिळण्याची सोय १८७२ पासून होती. पण ज्याला कागद पाहण्याचा हक्क आहे त्यालाच ती मिळायची, आणि तो हक्क आहे हे ठरवणार कोण, तर तोच साहेब.

ही सवय मोडली ती मजुरांनी, हे आपण कामगारांनी अभिमानाने सांगितले पाहिजे. राजस्थानात १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. दुष्काळी कामावर राबणाऱ्या माणसांना पुरी मजुरी मिळत नव्हती. साहेब म्हणायचा, ‘तुमचे काम कागदावर भरत नाही.’ मजूर म्हणाले, ‘मग तो कागदच दाखवा!’ हजेरीपट मागितला, सामानाची बिले मागितली. २ डिसेंबर १९९४ ला कोट किराना या गावी पहिली जनसुनावणी झाली. गावासमोर सरकारी कागद मोठ्याने वाचायचे आणि गावानेच खरे-खोटे सांगायचे, अशी ती रीत. १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवसांचे धरणे झाले. हजेरी बुकात एक खाडा जास्त पडला तर पगाराला कशी कात्री लागते, हे ज्याने गिरणीत साचे चालवले त्याला शिकवायला नको. म्हणून त्या मजुरांची मागणी आपल्याला परकी वाटत नाही.

तमिळनाडू आणि गोव्यात १९९७ साली कायदे झाले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा होता. इथे २००० साली एक लेचापेचा कायदा आला, त्याच्या जागी २००२ चा चांगला कायदा आला, आणि त्याला राष्ट्रपतींची मंजुरी ऑगस्ट २००३ मध्ये मिळाली. मग सबंध देशाचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. ‘तुम्हाला कशाला पाहिजे?’ हा जुना प्रश्न या कायद्याने बेकायदा ठरवला. अर्जदाराने कारण सांगण्याची गरज नाही असे कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लिहून घ्यायला मदत करणे हेही अधिकाऱ्याचे काम आहे. आपल्या आयाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे.

पण कायदा आला म्हणजे कागद आपोआप हातात आला असे नाही. कागद मिळवण्याची खरी किल्ली एकच, आणि ती म्हणजे कागदाचे नाव माहीत असणे. एक उदाहरण सांगतो. आपल्या वस्तीतल्या एका मुलाची कॉलेजात निवड झाली आणि जात पडताळणीचे प्रकरण आले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा वाडवडिलांचा पुरावा विचारतात. आजोबा शाळेत गेले नव्हते, मग दाखला कुठला? मुलाने तहसील कचेरीत अर्ज दिला, ‘आमच्या जातीचा पुरावा द्यावा.’ उत्तर आले, ‘अशी माहिती उपलब्ध नाही.’ उत्तर कारकुनी होते, पण अर्जही मोघम होता. मग आम्ही बसून दुसरा अर्ज केला. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, मौजे अमुक, तालुका अमुक, सन १९३० ते १९४५, पणजोबांचे नाव अमुक, या नोंदींची प्रत द्यावी. आणि खाली लिहिले, वही समक्ष पाहायची आहे. या अर्जावर रेकॉर्ड रूमचे दार उघडले.

वहीत शोधायचे कसे, तेही सांगतो. त्या काळी आपल्या माणसांच्या नावापुढे आजची आडनावे लिहीत नसत. बापाचे नाव आणि जात, एवढीच नोंद. बाळाचे नाव पुष्कळदा नसते, नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. म्हणून शोध बापाच्या नावाने घ्यायचा. मुंबईला आल्यावर लावलेले गावाच्या नावाचे आडनाव तिथे सापडणार नाही. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. त्या मुलाच्या पणजोबांची नोंद अशीच सापडली. ज्या वहीत ‘महार’ हा शब्द आपल्याला गावकुसाबाहेर ठेवण्यासाठी लिहिला, तीच वही आज नातवाला कॉलेजचे दार उघडून देते. इतिहासाची ही उलटी तऱ्हा आहे खरी, पण वही जपून ठेवली नसती तर?

अशीच बाकीची नावे पाठ करावीत. जमिनीसाठी सातबारा आणि गाव नमुना ६, म्हणजे फेरफार. वतनी आणि इनाम जमिनींसाठी गाव नमुना ३. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, त्यानंतर वतनाच्या जमिनी कुणाच्या नावे गेल्या हे फेरफार लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. शहरात जागेसाठी मालमत्ता पत्रक. गटार, रस्ता, संडास या कामांसाठी अंदाजपत्रक, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तक आणि बिल. ग्रामपंचायतीत ग्रामसभेचे इतिवृत्त आणि नगरपालिकेत सभेचे ठराव. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असे लिहिले तर काही मिळत नाही. ‘मोजमाप पुस्तकाची प्रत द्या’ असे लिहिले तर साहेबाला खुर्चीत सावरून बसावे लागते.

अर्जाची रीत सोपी आहे. महाराष्ट्रात अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी. २०१२ च्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. प्रतीला पानामागे दोन रुपये. चुकीच्या कचेरीत अर्ज गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा. उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे, नाहीतर पुढे माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर नाही किंवा अर्धवट आहे, तर तीस दिवसांत त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड सांगितला आहे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती तर मोजके अपवाद सोडले तर नाकारताच येत नाही. कागद हरवला म्हणून हात वर करता येऊ नयेत यासाठी महाराष्ट्रात २००५ सालचा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. आणि २६ नोव्हेंबर २०१८ ला, संविधान दिनी, शासनाने परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कचेऱ्यांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना कागद पाहू देण्याचे ठरवले. पोस्टर, बॅनर, जयंतीची मिरवणूक हे सगळे करतोच आपण. एखादा सोमवार त्या कचेरीत बसून पाहायला काय हरकत आहे?

आता एक काळजीची गोष्ट. खाजगी माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केंद्राने कायदा केला आणि त्यातून माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये बदल झाला. पूर्वी माणसाची खाजगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे की नाही, हे अधिकाऱ्याला त्या कलमातच तपासावे लागे. तो शब्द आता गेला. हा बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. आता हजेरीपटावर नावे आहेत, लाभार्थ्यांच्या यादीत नावे आहेत, म्हणून ‘खाजगी’ असा शिक्का मारून कागद परत कपाटात जाऊ शकतो. कोट किरानाच्या मजुरांनी मागितला होता तो नेमका नावांचाच कागद. मात्र मोठे सार्वजनिक हित असेल तर माहिती देता येते, हे कलम ८(२) अजून शाबूत आहे. अर्जात आणि अपिलात ते कलम लिहायला विसरू नये.

महाडचा ठराव तीन वर्षे बुकात पडून होता. तो कागद बाबासाहेबांनी चालता केला म्हणून तो इतिहास झाला. आपल्या वॉर्डात, आपल्या गावच्या पंचायतीत आज असे किती ठराव पडून असतील? बौद्धवाड्याच्या रस्त्याचे, पाण्याच्या टाकीचे, अभ्यासिकेचे, स्मशानभूमीच्या जागेचे? विहारात रविवारी वंदना झाल्यावर चार शिकलेल्या पोरांनी तासभर बसावे, म्हाताऱ्यांना गावाची आणि वाडवडिलांची नावे विचारून वहीत लिहावीत आणि महिन्याला एक अर्ज टाकावा. मिळालेला प्रत्येक कागद विहाराच्या कपाटात फाईल करून ठेवावा. म्हातारी माणसे आहेत तोवर ही नावे मिळतील, नंतर विचारायचे कुणाला?

जयभीम!