निवळी, सालं आणि केळीचं पान

चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा. सकाळी वरची निवळी काढून घ्यायची आणि तितकंच खोबरेल घालून दुधासारखं पांढरं होईस्तोवर घुसळायचं. चुलीपाशी कुणी भाजलं की महाराष्ट्रात घरोघरी हे लावलं जाई. पालघरच्या पट्ट्यात तर चुना पानाच्या डबीतच असायचा. गंमत म्हणजे स्कॉटलंडमधल्या कॅरन इथल्या, १७५९ साली निघालेल्या लोखंडाच्या कारखान्यात भाजलेल्या कामगारांनाही हेच लावत. फक्त खोबरेलाऐवजी जवसाचं तेल.

सुश्रुताने भाजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. वर्गीकरण नेमकं, पण किरकोळ भाजल्यावर गार पाणी नको, शेक द्या, हा त्याचा सल्ला आज कुणी ऐकू नये.

याच पालघर पट्ट्यातलं, बोईसरजवळचं पाम गाव चुलीची धग ओळखत होतं. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत आली आणि पाम, सालवड, कुंभवलीच्या शेजारी आम्ल, वाफ, द्रावकं आली. ११ जानेवारी २०२० रोजी तिथल्याच कोलवड्याच्या कारखान्यातल्या स्फोटात आठ जण गेले. अशा भाजण्यापुढे निवळीची बाटली काय करणार?

तरी घरगुती वस्तूंना महाराष्ट्रातल्या शल्यविशारदांनी हसण्यावारी नेलं नाही. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातल्या डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याची सालं पट्टीवर बसवून, निर्जंतुक करून जखमेवर बांधली. १९८५ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध झाला. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १०४ रुग्णांवर मध आणि चांदीयुक्त मलम यांची तुलना करून १९९१ मध्ये निष्कर्ष मांडले. मुंबईतल्याच शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी २००० साली देशातली पहिली त्वचापेढी उभी केली आणि २००३ मध्ये केळीच्या पानाची पट्टी तपासली. गुळगुळीत, मेणचट पान जखमेला चिकटत नाही. पट्टी सोडताना रुग्ण कळवळत नाही. शिवाय बटाट्याच्या सालींपेक्षा ते स्वस्त आणि सोपं. मात्र सालं असोत की पान, वाफेच्या यंत्रातून निर्जंतुक होऊन, डॉक्टरांच्या हातून. परसातलं पान तोडून थेट बांधणं म्हणजे जंतूंना आवतण.

घरी पहिली वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी, बस. बर्फ नको, तूप, शाई, टूथपेस्ट, आणि हो, निवळीही नको. बांगड्या, अंगठी सूज चढण्याआधी काढाव्यात. फोड फोडू नयेत. तोंड, हात, गुप्तांग भाजलं असेल किंवा लहान मूल असेल, तर थेट दवाखाना गाठावा. कारखान्यात अंगावर आम्ल उडालं तर लगेच सुरक्षा-शॉवरखाली उभं राहायचं आणि तिथेच कपडे उतरवायचे. कोरडा कळीचा चुना अंगावर सांडला तर मात्र तो आधी नीट झटकायचा आणि मगच भरपूर पाणी सोडायचं, कारण थोड्याशा पाण्याने कळी तापते आणि कातडी पोळते.