भाद्रपदातील रोषणाई

दीपावलीची पणती आणि गणेशोत्सवाची रोषणाई हे दोन्ही प्रकाशाचेच उपचार. परंतु त्यांच्यामध्ये एका ऋतूचे अंतर आहे. आश्विन सरताना पाऊस ओसरलेला असतो. वाऱ्यापासून ज्योत राखली की भागते. भाद्रपदात मात्र सुरतेवर ढग असतात, तापी भरलेली असते आणि मंडपाचे कापड ठिबकत असते. वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत कोसळणारा, असा हा मुलूख. येथे भर पावसाळ्यात रस्त्यावर दिवे लावणे हे केवळ हौशीचे काम नव्हे. तो एक कसब आहे, आणि त्या कसबाचा इतिहास आपण लिहून ठेवलेला नाही.

पेशवाईतील मिरवणुकांत मशालजी एका हाती दिवटी धरी आणि दुसऱ्या हातातील बुधलीतून तिला तेल पाजी. तेल प्यालेल्या चिंध्यांत पाणी सहजी शिरत नाही. त्यामुळे रिमझिमीत दिवटी तग धरी, मोठ्या सरीपुढे मात्र तिचाही निभाव लागत नसे. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा सुरत मुंबई इलाख्यातच होती. पण रस्त्यावरच्या उत्सवाला लागणारा प्रकाश अजून तेलाचाच होता.

पुढे १९१० च्या सुमारास जर्मनीत पेट्रोमॅक्स बत्ती निघाली आणि काही काळाने आपल्या वरातींत, मिरवणुकींत येऊन स्थिरावली. दाबाखालील रॉकेलची वाफ होऊन ती जाळीवर जळते, हे तिचे तत्त्व. ती जळलेली जाळी राखेसारखी ठिसूळ. एक ठेच लागली तरी गळून पडावी. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर काच तडकावी. अशी बत्ती डोक्यावर घेऊन खड्ड्याखळग्यांतून, चिखलातून मैलभर चालणाऱ्या माणसांची पावले किती सावध असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यांच्या उजेडात नाचणाऱ्यांची छायाचित्रे घरोघरी आहेत. बत्ती वाहणारा त्यांत बहुधा चौकटीबाहेरच राहिला.

सुरत इलेक्ट्रिसिटी कंपनी १९२० साली स्थापन झाली आणि हळूहळू रोषणाईचा कारभार मशालजीकडून वायरमनकडे गेला. नाताळच्या झाडावरील विजेच्या दिव्यांचा आरंभ १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन यांच्या घरात झाला; ते ८० रंगीत दिवे छपराखाली, कोरड्या खोलीत लागले होते. आपल्या माळांना ते भाग्य नव्हते. त्या बांबूवर, पत्र्यावर, ओल्या भिंतींवर चढल्या.

या माळेची एक खोड जाणकार वायरमन नवख्याला प्रथम शिकवतो. सहा व्होल्टचे सुमारे अडतीस दिवे एकामागोमाग जोडले की ती माळ २३० व्होल्टवर चालते. दिवा चिमुकला, म्हणून धोकाही चिमुकला, असे आपण समजतो. परंतु त्यातील एक दिवा काढला की सगळी माळ विझते आणि रिकाम्या झालेल्या त्या जागी पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. ओल्या हाताने, ओल्या शिडीवरून बंद पडलेला दिवा चाचपणारा माणूस म्हणजे मरणाशी खेळणाराच. म्हणून आधी पुरवठा तोडायचा, मग हात घालायचा. जोड उंचावर ठेवायचा, त्याला चिकटपट्टी गुंडाळायची, आणि वायरीला जोडाच्या अलीकडे खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. आज एलईडीच्या माळा कमी वीज खातात. परंतु स्वस्त माळा अजूनही थेट २३० व्होल्टवरच चालतात. जमिनीकडे गळणारा प्रवाह तीस मिलिअँपिअरवर गेला की पुरवठा तोडणारी कळ मंडपात असणे आवश्यक आहे.

७ ऑगस्ट २००६ रोजी तापीने शहर व्यापले. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. मध्ये वीसच दिवस. आमच्या गल्लीत मीटरपेट्यांतून चिखल काढून वाळवण्याचे काम अजून सुरू होते. माळा मागायला गेलो, तेव्हा मंडपवाल्याचा वायरमन म्हणाला, "आधी भिंती वाळू द्या, काका, देव समजून घेईल." त्या वर्षी आम्ही समईवरच भागवले. त्याने नकार दिला म्हणून आम्ही तेव्हा किंचित रागावलो होतो, हे आज नमूद करावेसे वाटते.

वर्गणीच्या जुन्या वह्यांत मूर्तिकाराचे नाव असते, अध्यक्षांचे असते, कधी कीर्तनकारांचेही. प्रकाशाविषयी एकच ओळ: 'रोषणाई' आणि तिच्यापुढे रक्कम. कोणी लावली, कोणत्या पावसात, किती सावधपणे, याचा मागमूस नाही. ज्यांच्या घरी अशा वह्या अजून आहेत आणि ज्यांना त्या वायरमनांची, बत्तीवाल्यांची नावे आठवतात, त्यांनी ती त्या ओळीपुढेच लिहून ठेवावीत. आठवणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.