हार्ट फेल्युअरवर हार्मोनचा उपचार

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. या आजारात हृदय शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलू शकत नाही. पायांवर सूज येते, चालताना दम लागतो, आडवे झाले की श्वास अडतो.

यात शरीराचीच एक गफलत भर घालते. रक्त कमी पोहोचते आहे एवढेच मूत्रपिंडांना कळते, त्यामागचे कारण कळत नाही. जणू रक्तस्राव झाला आहे असे समजून अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स वाढतात. मीठ-पाणी साठते, रक्तवाहिन्या आवळतात आणि थकलेल्या हृदयावरचा बोजा आणखी वाढतो. म्हणून या आजारातले बरेचसे औषधोपचार हार्मोन देण्याचे नसून हार्मोन अडवण्याचे आहेत. स्पायरोनोलॅक्टोन हे अल्डोस्टेरॉनला अडवणारे जुने, स्वस्त औषध. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'राल्स' चाचणीत आजार बळावलेल्या १,६६३ रुग्णांपैकी ज्यांना ते मिळाले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला.

मग हार्मोन देऊन उपचार होतो का? १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, आणि त्यांच्या लघवीतून मीठ व पाणी भराभर बाहेर पडू लागले. तोवर निव्वळ पंप मानले गेलेले हृदय स्वतः हार्मोन तयार करते, हे त्यातून उघड झाले. त्याच कुळातले बीएनपी १९८८ साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडले. पुढे ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत बनते हे कळले, तरी नावातला 'ब्रेन' तसाच राहिला.

हेच हार्मोन 'नेसिरिटाइड' नावाने कृत्रिमरीत्या बनवले गेले आणि २००१ मध्ये अमेरिकेत शिरेतून देण्यास परवानगी मिळाली. कल्पना सुबक होती, निकाल तसा नव्हता. सात हजारांवर रुग्णांच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत, दम लागण्यात फरक जेमतेम पडला आणि रक्तदाब घसरण्याचे प्रमाण मात्र वाढले.

यश आले ते वेगळ्या वाटेने. बीएनपीसारखी हार्मोन्स मोडणारे 'नेप्रिलायसिन' हे एन्झाइम सॅक्युबिट्रिल रोखते. म्हणजे बाहेरून हार्मोन न देता आतले टिकवले जाते. पण हेच एन्झाइम अँजिओटेन्सिनही मोडत असल्याने जोडीला व्हालसार्टन लागते. २०१४ च्या 'पॅराडाइम-एचएफ' चाचणीत, पंपशक्ती घटलेल्या रुग्णांमध्ये, एनालाप्रिलच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती होण्याचा धोका २० टक्क्यांनी कमी आढळला.

ही गोळी एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांच्यासोबत घेता येत नाही. ओठ, जीभ, घसा सुजून जिवावर बेतू शकते, म्हणून दोन्हींमध्ये किमान ३६ तासांचे अंतर ठेवतात. गोळी सुरू असताना रक्तातले बीएनपी औषधामुळेही वाढते. त्यामुळे अशा रुग्णांत डॉक्टर सहसा एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी सांगतात.