‘कुत्र्यापासून सावधान’ कोणासाठी?

पॉम्पेईत ‘ट्रॅजिक पोएटचं घर’ म्हणतात त्या घराच्या दारातच जमिनीवर एक मोझेक आहे. बांधलेला, दात दाखवणारा कुत्रा आणि खाली लॅटिनमध्ये ‘कुत्र्यापासून सावधान’. इ. स. ७९ च्या ज्वालामुखीत शहर गाडलं गेलं.

‘चोरांसाठी इशारा’ असं लिहून आपण मोकळे होतो. पण दिवसाढवळ्या हा उंबरा माल पोचवणारे, दुरुस्तीला आलेले कारागीरही ओलांडत असणार ना? १८७४ मध्ये दुसऱ्या एका घरात बांधलेल्या अवस्थेतच मेलेल्या कुत्र्याचा ठसा मिळाला. म्हणजे कुत्रे खरेच होते. साखळी किती लांब, हे कामाला येणाऱ्याला आधी बघावंच लागत असणार.

मालकाचा इशारा टिकला, कामकऱ्याची धास्ती कुठेच नोंदली गेली नाही. म्हणून कुठलंही साधन वाचताना विचारा: हे कोणी लिहवून घेतलं, आणि दारात कोण थबकलं?