इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च, पणजी

गोव्याच्या राजधानीतील कॅथलिक पॅरिश चर्च. आदिपापाच्या डागाविना गर्भात आलेल्या मरियामातेला वाहिलेले. आल्तिनो टेकडीच्या उतारावर, म्युनिसिपल गार्डनच्या वरच्या अंगाला ते उभे आहे. १५४१ मध्ये येथे लहानसे प्रार्थनामंदिर बांधले गेले. पणजी तेव्हा मांडवीकाठचे छोटे गाव होते. लिस्बनहून आलेली गलबते जुन्या गोव्याकडे जाण्याआधी येथे थांबत आणि समुद्रप्रवास सुखरूप पार पडला म्हणून खलाशी मातेचे आभार मानायला येत. त्या जागी मोठे चर्च बांधण्यात आले ते १६१९ मध्ये.

आज छायाचित्रांतून ओळखीचे झालेले रूप मात्र त्या काळातले नाही, ते बरेचसे एकोणिसाव्या शतकातले आहे. रोगराईने जुने गोवे ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. शहराचे महत्त्व वाढले, तसा चर्चचा दर्शनी भागही बदलला. चर्चसमोरचा दुहेरी, नागमोडी वळणांचा जिना १८७१ च्या सुमाराचा. पांढऱ्या कठड्यांचे हे जिने उजवी-डावीकडे फाकतात, पुन्हा जवळ येतात आणि चढणाऱ्याला टप्प्याटप्प्याने दारापर्यंत नेतात. मूळ इमारत फार मोठी नाही. तिला भव्यता आली ती या जिन्यामुळे.

दर्शनी भिंतीच्या दोन्ही कडांना मनोरे आहेत, पण नजर खिळते ती मधल्या उंच घंटाघरावर. ते उभारले गेले एका घंटेसाठी. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन संन्याशांच्या ग्रेस मातेच्या चर्चची ही घंटा. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये गोव्यातील धर्मसंघ बरखास्त केले, मठ रिकामा झाला आणि १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली. घंटा काही काळ आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहापाशी होती, तेथून १८७१ मध्ये ती पणजीत आली. वजन सुमारे सव्वादोन टन. त्या चर्चच्या, सांत आगुस्तीनचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मनोऱ्याचा केवळ भग्न सुळका आज जुन्या गोव्यात उरला आहे, त्याची घंटा मात्र अजून वाजते. गोव्यात तिच्याहून मोठी घंटा एकच, से कॅथेड्रलची.

आतला भाग दर्शनी बाजूच्या मानाने साधा. एकच मोठे दालन, खांबांच्या रांगा नाहीत, त्यामुळे कुठेही बसले तरी मुख्य वेदी दिसते. मुख्य वेदी निष्कलंक मातेची. तिच्या दोन बाजूंच्या वेद्या क्रूसावरील येशूला आणि रोझरी मातेला वाहिलेल्या आहेत. सारी सजावट या वेद्यांवरच्या सोनेरी मुलाम्याच्या लाकडी कोरीवकामात एकवटली आहे. भिंती जवळजवळ मोकळ्या सोडल्यामुळे हे काम अधिकच उठून दिसते.

मातेचे फेस्त ८ डिसेंबरला भरते. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. फेस्ताच्या फेरीत जिन्याखालच्या रस्त्यावर खाजे, चणे आणि खेळण्यांची दुकाने लागतात.