लिनक्सवर विंडोजचं सॉफ्टवेअर कसं चालवायचं? वाइन, व्हर्च्युअल मशीन आणि ड्युअल बूटमधला फरक समजून घ्या

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे अनेक जुने कॉम्प्युटर अधिकृतपणे विंडोज ११ वर जाऊ शकत नाहीत.

अशा कॉम्प्युटरसाठी लिनक्स हा मोफत पर्याय आहे. पण अडचण एकच असते. रोजच्या कामाचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी बनलेलं असतं. कुणाचं हिशेबाचं, कुणाचं डीटीपीचं, तर कुणाचं जुन्या मराठी फॉन्टचं. मग ते लिनक्सवर चालवायचं कसं?

मुळात ते थेट का चालत नाही?

फाइल उघडणं, स्क्रीनवर विंडो दाखवणं, प्रिंट काढणं ही कामं सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टीमकडून करून घेतं. विंडोजचं सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने ही मागणी करतं, ती लिनक्सला कळत नाही. प्रोसेसर तोच असला तरी काम इथे अडतं. त्यावर तीन मुख्य उपाय आहेत.

१. वाइन: मधला दुभाषी

वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं. सॉफ्टवेअरने विंडोजकडे केलेली मागणी वाइन लिनक्सला समजेल अशा रूपात पुढे पाठवतं. यात विंडोज इन्स्टॉल करावं लागत नाही, त्यामुळे लायसन्सचा खर्च नाही आणि रॅमही कमी लागते. गेमिंगसाठी व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणलेलं प्रोटॉन वाइनवरच आधारलेलं आहे. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकवर विंडोजचे गेम चालतात ते त्यामुळेच.

पण दुभाष्याला प्रत्येक शब्द येतोच असं नाही. एखादं सॉफ्टवेअर सुरळीत चालतं, एखादं उघडतं पण प्रिंट देत नाही. स्वतःचा ड्रायव्हर लागणारी सॉफ्टवेअर आणि लायसन्ससाठी यूएसबी डोंगल लागणारी सॉफ्टवेअर इथे अनेकदा अडकतात. व्हॅलोरंटसारखा गेम तर त्याच्या अँटी-चीट यंत्रणेमुळे लिनक्सवर चालतच नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वाइन ही सुरक्षेची भिंत नाही. त्यात चालवलेला विंडोजचा व्हायरस तुमच्या फाइल्सपर्यंत पोहोचू शकतो.

२. व्हर्च्युअल मशीन: घरातच दुसरं घर

व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये लिनक्सच्या आत अख्खं विंडोज इन्स्टॉल करता येतं. विंडोज खरंखुरं असल्याने बहुतेक सॉफ्टवेअर चालतात. यूएसबी डोंगलही आतल्या विंडोजला जोडून देता येतो.

याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते, कारण दोन ऑपरेटिंग सिस्टीम एकाच वेळी चालू असतात. एकट्या विंडोज ११ लाच किमान ४ जीबी रॅम लागते. त्यामुळे एकूण ४ जीबी रॅम असलेल्या कॉम्प्युटरवर हा मार्ग विसरा. विंडोजचं लायसन्सही लागतं आणि जड ग्राफिक्सचं काम मंदावतं.

जुनं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालत असेल, तर ते व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवून त्याचं इंटरनेट बंद करता येतं. सपोर्ट संपलेलं विंडोज वापरायचंच असेल, तर हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे.

३. ड्युअल बूट: एका वेळी एकच

यात हार्ड डिस्कचे भाग करून दोन्ही सिस्टीम शेजारी-शेजारी ठेवतात. कॉम्प्युटर सुरू करताना एक निवडायची. विंडोजला पूर्ण ताकद मिळते, पण दर वेळी रीस्टार्ट करावं लागतं. शिवाय ते विंडोज १० असेल तर सुरक्षा अपडेटचा मूळ प्रश्न तसाच राहतो. डिस्कचे भाग करण्याआधी बॅकअप घ्याच.

मॅक वापरणाऱ्यांचं काय?

२०२० पासून ॲपलने स्वतःचे एम-मालिकेचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली. त्या मॅकवर बूट कॅम्प नाही, म्हणजे ड्युअल बूटचा जुना मार्ग बंद. पॅरलल्ससारख्या व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती मात्र चालते.

मग निवडायचं काय?

एखाद-दुसरं साधं सॉफ्टवेअर असेल तर आधी वाइन. डोंगल असेल किंवा वाइनमध्ये जमलं नाही आणि रॅम पुरेशी असेल तर व्हर्च्युअल मशीन. जड ग्राफिक्सचं काम असेल तर ड्युअल बूट.

मात्र सॉफ्टवेअर उघडलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. विंडोज पुसण्याआधी एक जुनी फाइल उघडा, त्यात मराठी टाइप करा, सेव्ह करा, प्रिंट काढा. दुसऱ्या दिवशी तीच फाइल पुन्हा उघडून बघा. हे सगळं जमलं, तरच जुनं विंडोज काढा.