भिवंडींत काय पाहावें?

भिवंडी पाहावयास जा, असें कोणास सुचविलें तर ऐकणारा प्रथम आमच्या तोंडाकडे पाहतो. या शहराचें नांव निघतांच मागांचा खडखडाट, मालमोटारींच्या रांगा आणि १९७० व १९८४ सालच्या दंगलींची कटु आठवण, एवढेंच बहुतेकांच्या मनांत येतें. मुंबईहून एका दिवसांत जाऊन येण्याजोगें हें गांव सहलीच्या यादींत कधीं आढळत नाहीं. यांत दोष गांवाचा नसून पाहणाराच्या दृष्टीचा आहे, असें आमचें मत आहे.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह लोनाडास गेलों. भिवंडी तालुक्यांतील या खेड्यालगतच्या टेकडींत पांचव्या-सहाव्या शतकांतलें एक बौद्ध लेणें आहे. त्याच्या ओवरींत एक मोठा शिल्पपट असून राजा, भोंवतीं स्त्रिया व सेवक, असा दरबार त्यांत कोरलेला आहे. हें दृश्य वेस्संतर जातकांतलें मानितात. वेस्संतर म्हणजे राज्याचा मंगल हत्ती, धन, मुलें आणि अखेर पत्नीहि याचकांस देऊन टाकणारा राजपुत्र. आज त्याच लेण्यांत खांडेश्वरी देवीची पूजा होते. आम्ही पोंचलों तेव्हां एक वृद्धा ओवरी झाडीत होती. एका विद्यार्थ्यानें विचारलें, "आजी, हा राजा कोण?" ती म्हणाली, "आसंल देवीचाच कुनी भगत. सगलं देवीला दिलं आसंल त्यानं." मुलें हसलीं, आम्हांस मात्र हसूं आलें नाहीं. जातक तिनें वाचलें नव्हतें, परंतु त्यांतलें मर्म तिच्या हातीं लागलें होतें.

दान हा या मुलुखाच्या इतिहासांतला एक चिवट धागाच आहे. शिलाहार राजा अपराजित यानें शके ९१९ मध्यें, म्हणजे इसवी सन ९९७ त, जवळचेंच भादानें हें गांव लवणतट येथील लोणादित्य नांवाच्या सूर्यदेवास दिल्याचा ताम्रपट उपलब्ध आहे. लवणतट म्हणजेच आजचें लोनाड. पुढें शके ११६१ मधील केशिदेवाचा दानलेख तेथल्याच चौधरपाड्यास सांपडला. त्या काळच्या दानशिळांच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरीत; ते आकाशांत आहेत तोंवर दान चालावें, ही त्यामागची इच्छा. कित्येक शिळांवर दान मोडणारास गाढवाचा शापहि कोरलेला असे. राजे गेले, शापाचें भय गेलें, आणि दिलेल्या गांवांचा हिशेब पुसला गेला. लेणें मात्र अद्याप झाडलेलें असतें, कारण तेथें एका आजीची देवी नांदते. जेथें देव उरला नाहीं, तेथला दगड कोणी सांभाळावा, हा प्रश्न आम्ही त्या ओवरींतून घरीं घेऊन आलों.

आतां शहराकडे वळूं. कामवारी नदीच्या कांठचें हें गांव बखरींत बहुधा 'कल्याण-भिवंडी' अशा जोडनांवानेंच भेटतें. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं हीं दोन्ही ठाणीं घेतलीं आणि मराठी आरमाराच्या उभारणीस इकडच्या खाडींत आरंभ झाला. शहरांत दिवाणशाहाचा दर्गा आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथें राहिलेल्या कोंकणी मुसलमानांचे मोहल्ले आहेत. त्यांच्या घरगुती बोलींत आपली मराठी ओळखूं येते. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकर आले आणि त्यांनीं हातमाग मांडले. १९३० नंतरच्या दशकांत विजेचे माग सुरू झाले आणि पुढें त्यांची संख्या लाखांवर गेली. ज्यांच्या नांवानें आपण नाक मुरडतों, त्यांनींच विणलेलें कापड कदाचित् आपल्या अंगावर असतें!

याच तालुक्यांतील अणजूर हें गंगाजी नाईकांचें गांव. पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांचें साह्य मिळविण्यास ज्यांनीं जिवाचें रान केलें, त्यांत हे नाईक बंधु अग्रगण्य होते. १७३७ सालीं मोहीम सुरू झाली, १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडली. चिमाजी आपांनीं या मोहिमेंत वज्रेश्वरीस नवस केला होता, अशी परंपरा आहे. तानसेच्या खोऱ्यांतील तें तटबंदीचें देवालय त्या नवसाची फेड होय. जवळच अकलोली व गणेशपुरी येथें ऊन पाण्याचीं कुंडें आहेत.

तेव्हां पाऊस सरल्यावर एखादा रविवार काढावा. सकाळच्या कोंवळ्या उन्हांत लोनाडचा शिल्पपट पाहावा, दुपारीं शहरांतील एखाद्या मागावर विणकराच्या अनुमतीनें घटकाभर उभें राहावें, आणि संध्याकाळीं वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढाव्या. मुलांना बरोबर न्यावें. लोनाडास गेल्यावर भिंतीवर आपलें नांव न कोरतां त्या राजाची कथा त्यांस सांगावी. वेस्संतरानें सर्वस्व दिलें, अपराजितानें गांव दिलें, त्या आजीनें आपली सकाळ दिली. आपणांकडून एका रविवाराची अपेक्षा करणें फार होईल काय?